अंधारातलं दही

ईरा आणि निषाद,

तुमच्या आईने काल फोटो पाठवला. तुमच्या मागच्या कुंपणाला पिवळी फुलं आली आहेत आणि निषादने अजून लोकरीची टोपी काढलेली नाही. म्हणजे तिकडे दक्षिण गोलार्धात वसंत आला आहे, पण नीटसा आलेला नाही. इकडे ऑक्टोबर मात्र पुरता आला. शाळेत आम्हाला तीन ऋतू शिकवले होते. मुंबईत राहिलं की कळतं, चौथाही आहे. पाऊस सामान आवरून निघालेला असतो आणि थंडीने अजून तिकीटही काढलेलं नसतं. त्या मधल्या दिवसांना इथे भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळे ऑक्टोबर हीट म्हणतात.

दोरीवरचे कपडे पापडासारखे कडक होतात. येऊरच्या डोंगरावरचं गवत वरून पिवळं आणि खालून हिरवं दिसतं. दुपारी एखादा काळा ढग येतो, गडगडतो आणि एक थेंबही न टाकता ठाण्याकडे निघून जातो. चतुर गच्चीवर घिरट्या घालतात. दूध सकाळी तापवायला विसरलं तर दुपारी फाटतं. आणि ऊन उतरलं की आपल्या गेटजवळच्या सप्तपर्णीचा वास सुटतो. तिला हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. दिसायला फुलं साधीच, पण वास असा की खिडकी बंद केली तरी पडद्यात शिरून बसतो. तळमजल्यावरच्या शाहबेनचं त्याने डोकं दुखतं. दरवर्षी त्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये झाड तोडा म्हणतात, आणि दरवर्षी तुमचे आजोबा उठून सांगतात, "आमच्या गावात हिला सातवीण म्हणतात आणि तिच्याखाली देव बसतो. तुम्ही खिडकीत बाम लावून बसा."

या वर्षी तो वास आला आणि मला गेला ऑक्टोबर जसाच्या तसा आठवला. तुम्हाला तो फोनवर तुकड्यातुकड्याने कळला होता, अर्धा तुमच्या आईच्या रडण्यात. आज सलग लिहिते, कारण तेव्हा आजोबा गेले होते त्याच यंत्रात उद्या सकाळी मी स्वतः जाणार आहे. घाबरू नका. मला काहीही झालेलं नाही. ते शेवटी सांगेन. मी क्रमाने सांगणारी बाई आहे हे तुम्हाला माहीत आहे.

क्रमाने सांगायचं तर सुरुवात दुधापासून करायला हवी.

माझी शाळा कॉन्व्हेंटची. पुढे कॉलेजात केमिस्ट्री. माझ्यासाठी स्थळं बघताना माझी आई लोकांना सांगायची, मुलगी सायंटिस्ट आहे. प्रत्यक्षात मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दिवसभर दुधाचा आंबटपणा मोजत बसायची. गावागावांहून ट्रकने कॅन यायचे. प्रत्येक कॅनमधलं थोडंसं दूध काचेच्या भांड्यात घ्यायचं, त्यात एका औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि वरून काचेच्या उभ्या नळीतून अल्कली सोडायची, थेंब थेंब. दूध फिकट गुलाबी झालं की थांबायचं. जितके जास्त थेंब लागतील तितकं दुधात लॅक्टिक आम्ल जास्त. दह्याला आंबट करतं तेच हे आम्ल. ठरलेल्या रेषेपुढे गेलं की कॅन परत.

ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त कॅन परत जायचे. ट्रकवाले दारात उभे राहून आर्जवं करायचे.

"मॅडम, जरा एक थेंब कमी टाका की. काय बिघडतं?"

"दूध बिघडतं," मी म्हणायची.

"म्हशीनं काय लिंबू खाल्लं होय मग?"

मी हसायची आणि कॅन परत पाठवायची. नाकाला तो वास इतका बसला होता की पुढे पुढे झाकण उघडतानाच मला कळायचं. घरी आल्यावरही साडीला यायचा. लॅक्टिक आम्ल ही माझ्या लेखी कायम एक वाईट बातमी होती. वाहून गेलेली मेहनत, उशिरा आलेला ट्रक, कुणाची तरी पडलेली मान. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, चला, या आंबट गोष्टीशी आपला हिशेब मिटला.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी होऊन थोडेच दिवस झाले होते. जेवण झाल्यावर आजोबा छाती चोळत बसले. ते वीज कंपनीत लाईनवर होते, आयुष्यभर खांबावर चढले; दुखलं म्हणून सांगायची सवय नाही. एरवी ते आपल्यासारखंच मुंबईचं मराठी बोलतात, पण काही दुखलंखुपलं की त्यांच्या वडिलांबरोबर गिरणीच्या चाळीत आलेली मालवणी बाहेर पडते. "काय्येक नाय गो," म्हणाले, "गॅस झालो." लिंबू पिळलं, त्यात खायचा सोडा टाकला, फेस आल्या आल्या प्यायले, मोठी ढेकर दिली आणि झोपले. मलाही बरं वाटलं. दोन दिवसांनी जिना चढताना पहिल्याच मजल्यावर पायरीवर बसले ते उठेनात. हॉस्पिटलात कळलं की गॅस कधीच नव्हता. सोडा-लिंबाच्या फेसाखाली हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला होता.

डॉक्टरांनी पडद्यावर त्यांचं हृदय दाखवलं. सगळीकडून मूठ आवळली जात होती, आणि पुढच्या भिंतीचा एक तुकडा मात्र गप्प. आजूबाजूच्या धडधडीत तो असा उभा होता, जसा गरब्याच्या रिंगणात एखादा माणूस नुसताच उभा राहावा.

तो तुकडा मेला असेल, म्हणजे तिथे नुसता व्रण उरला असेल, तर बायपास करून तिथे रक्त नेण्यात अर्थ नव्हता. आणि या वयात छाती उघडण्याचा धोका पूर्ण होता. पण डॉक्टर म्हणाले, कधी कधी रक्त कमी पडलं की स्नायू मरत नाही. काम थांबवतो आणि जीव धरून पडून राहतो. रक्त मिळालं की उठतो. त्यांच्या एका तपासणीने सांगितलं जिवंत असावा. दुसरीने सांगितलं, बहुतेक व्रण.

"म्हणजे बल्ब गेलाय की लाईन गेलीय, ते कळत नाहीये," आजोबा म्हणाले.

डॉक्टर हसले. "अगदी बरोबर, काका. लाईन जोडायला मी तयार आहे. पण बल्बच गेला असेल तर तुम्हाला खांबावर कशाला चढवू?"

ऑपरेशन केलं आणि तुकडा मेलेला निघाला तर आपण त्यांना उगाच गमावून बसू. नाही केलं आणि तो जिवंत असला, तर तो वाट बघून बघून मरेल आणि त्याच्यामागून बाकीचं हृदय. हे मला घरी आल्यावर, भांडी पुसताना, हळूहळू समजलं. त्या दिवशी मी एकच पातेलं किती वेळ पुसलं कुणास ठाऊक.

डॉक्टरांनीच एका संशोधन केंद्राचं सांगितलं. तिथे अशा हृदयांचं चित्र काढायची नवी रीत तपासत होते. त्यांनी आधीच बजावलं, हा प्रयोग आहे, तुम्हाला याचा उपयोग होईलच असं नाही, आणि त्या चित्रावरून मी ऑपरेशन ठरवणार नाही. माझी दुसरी तपासणी मी पुन्हा करणार आहेच. पटलं तर जा. मला वाटलं आजोबा नाही म्हणतील. त्यांनी विचारलं, "यंत्र कितक्या व्होल्टचां?" तेव्हाच मला कळलं की आम्ही जाणार.

तिथे आम्हाला प्रणाली भेटली, तिथलीच एक संशोधक. तिशीची मुलगी, केस वर बांधलेले, बोलणं भराभर. आईवडील सोलापूरकडचे, ती वाढली कांजूरमार्गला. "वारा फिरला की आमच्याकडे कचऱ्याच्या डंपिंगचा वास येतो, काकू, तुमच्याकडे फुलांचा. मुलुंडवाल्यांची मजा आहे." आजोबांना म्हणाली, "काका, टेन्शन घेऊ नका ना. आधी समजून घ्या, मग हो म्हणा. नाही म्हटलंत तरी चहा मिळेल."

साधा एमआरआय शरीरातल्या पाण्यावरून चित्र काढतो, ती म्हणाली. ते चित्र म्हणजे घराचा नकाशा. खोल्या किती, भिंती कुठे, ते दिसतं. पण त्या घरात चूल पेटलेली आहे की नाही हे नकाशात येत नाही. "आम्हाला चूल बघायची आहे."

पुढचं मी माझ्या शब्दांत सांगते. ईराला केमिस्ट्री सुरू झाली आहे, निषादने तिला विचारावं. आपण खाल्लेली साखर मोडत मोडत जाते, तेव्हा वाटेत एक मुक्काम लागतो. त्याचं नाव पायरुवेट. तिथून रस्ते फुटतात. स्नायूला प्राणवायू पुरेसा असेल तर पायरुवेट आतल्या भट्टीत जळतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो रक्तातल्या पाण्यात मिसळून बायकार्बोनेट होतो. खायच्या सोड्यात असतं तेच. प्राणवायू अपुरा असेल तर त्याच पायरुवेटचं लॅक्टिक आम्ल होतं.

"म्हणजे एकीकडे सोडा आणि एकीकडे दही," मी म्हटलं.

"झकास, काकू! हे मी आता सगळ्यांना असंच सांगणार."

"आणि मेलेला स्नायू?" आजोबांनी विचारलं.

"तो काहीच करत नाही, काका. तिथे अंधार."

तर हे होतं. सोडा दिसला तर उत्तम. दही दिसलं तरी चालेल, कारण दही करायलासुद्धा कुणीतरी जिवंत असावं लागतं.

आता मुख्य आश्चर्य. शरीरात हे सगळं चाललेलं असतंच, पण यंत्राला ते दिसत नाही. कार्बनचे काही अणू म्हणजे इवले लोहचुंबक असतात, पण प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधीचं शाळेचं मैदान आठवा: कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे. जवळजवळ जितके वर तितके खाली, सगळ्यांचा आवाज एकमेकांत विरून जातो. त्यांना एका दिशेला तोंड करून उभं करायचं. त्यासाठी ते खास कार्बनवालं पायरुवेट मोठ्या लोहचुंबकाच्या पोटात ठेवून गोठवतात. किती? ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत जेवढी थंडी असते त्याहून जास्त. माणसांनी भरलेल्या, घामाने चिकट झालेल्या या उपनगरात, रिक्षांच्या हॉर्नच्या कल्लोळात, एका इमारतीत आकाशापेक्षा थंड असं बोटभर ठिकाण आहे, हे ऐकल्यावर मी माझ्या पदराने उगाचच चष्मा पुसला. तिथे त्याच्यावर मायक्रोवेव्ह सोडतात आणि काही तासांत अणूंची रांग लागते. मला रांगा आवडतात हे तुम्ही जाणता. मग उकळतं पाणी जोराने सोडून तो गोठलेला खडा क्षणात विरघळवतात. आता ते कोमट पाणी झालं, शिरेत देता येईल असं, आणि तरीही रांग टिकून आहे. पण त्याच क्षणापासून ती मोडायला लागते. मिनिटभरात बरीचशी मोडते. तेवढ्यात ते तपासायचं, शिरेत द्यायचं आणि बघायचं. शिवाय यंत्राने बघितलं की तेवढ्यानेही रांग थोडी मोडते. बघणं हेच खर्च करणं.

दसरा झाला आणि आजोबांच्या तपासणीचा दिवस आला. दारावरच्या झेंडूच्या तोरणाचा कुबट वास यायला लागला होता. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नव्हतं. भट्टी साखरेवर चालावी म्हणून मोजलेलं साखरपाणी ते तिथेच देणार होते. मी बिस्किटांचा डबा माळ्यावर ठेवला. सकाळी पाण्याची बाटली, जुने रिपोर्ट, चष्म्याचं घर, छत्री, कारण तो काळा ढग. सगळं घेतलं. गॅस बंद, गीझर बंद. आजोबा चपला घालून दारात उभे राहिले, आणि मी त्यांच्या तळहातावर चमचाभर दही-साखर ठेवली. तुमच्या आईच्या प्रत्येक परीक्षेला ठेवली, ईरा पहिल्यांदा विमानात बसली तेव्हा ठेवली. मी ठेवलं असं म्हणणंही खरं नाही, हाताने ठेवलं. त्यांनी चाटलं, हात धुतला आणि आम्ही निघालो.

रिक्षा हायवेला लागली तेव्हा ते म्हणाले, "दही आज मस्त लागलां."

आज तर उपाशीपोटी जायचं होतं. "अहो, तुम्ही खाल्लंत कशाला?"

"तू दिलंस म्हणून."

"मी दिलं म्हणून खायचं?"

"पन्नास वर्षं तेच करतोय."

"काकी, दही तर शुभ असतं," रिक्षावाला आरशातून म्हणाला.

त्याला काय सांगणार? ज्या माणसाच्या काळजातलं लॅक्टिक आम्ल आज बघायचं होतं, त्यालाच मी, जन्मभर लॅक्टिक आम्ल मोजलेल्या बाईने, घरातून निघताना ते चमच्याने भरवलं होतं. तिकडे पहाटेपासून ते पायरुवेट गोठत पडलं असणार. आजोबा म्हणाले, सांगू नको, कोणाक कळाचां नाय. आणि केंद्रात शिरल्या शिरल्या त्यांनीच आवाज दिला, "प्रणाली, हिने मला दही चारलंय!"

तिने आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तिथल्या डॉक्टरांना आत जाऊन विचारून आली, आणि मग खुर्चीवर बसून हसली. "काकू, किती?"

"चमचाभर."

"चमचाभर चालतं. वाटीभर नको हं." मग माझा चेहरा बघून तिने खुर्ची जवळ ओढली. "आम्हाला फक्त आम्ही रांगेत उभे केलेले कार्बन दिसतात. बाकी काकांच्या पोटातलं दही, रक्तातलं, स्नायूतलं, सगळं यंत्रासाठी अंधारात. तुमचं दही अंधारातलं दही आहे, काकू. आम्ही बघणार ते दही अजून झालेलंच नाहीये."

हे वाक्य मी तेव्हापासून कितीदा तरी मनात उघडून बघितलं आहे. अजून झालेलंच नाहीये. ते माझ्या डोळ्यांसमोर होणार होतं.

मला काचेच्या अलीकडे बसायला दिलं. पलीकडे यंत्राच्या बोगद्यातून आजोबांचे पाय बाहेर आलेले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं आणि ते सकाळी माझ्या नजरेतून सुटलं होतं. बाजूच्या खोलीत ते गोठवायचं यंत्र. उंच, स्टीलचं, आमच्या डेअरीतल्या टाकीच्या धाकट्या बहिणीसारखं. त्यांनी आधी साध्या पाण्याची सिरिंज घेऊन तालीम केली. एकाने दार धरून ठेवायचं, एकीने घेऊन जायचं, वाटेत खुर्ची नको. मी माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "पळायचं नाही," प्रणाली म्हणाली. "पळालं की हात हलतो. झपझप चालायचं."

मग खरं. आत फुस्स असा आवाज झाला, नळीतून पाण्यासारखं काहीतरी आलं आणि प्रणाली तपासणीच्या पडद्यावर वाकली.

"नापास. आम्लता चुकली."

तासन्‌तास आकाशापेक्षा थंड ठेवलेलं ते पाणी तिने बाजूला सारलं. चेहऱ्यावर रेघ उमटली नाही. कुणी म्हणालं नाही की थोडंच चुकलंय, जाऊ दे, एक थेंब कमी धरा. मला ती मुलगी एकदम माझी वाटली. मीही कॅन परत पाठवला असता.

त्याच यंत्रात दुसरा खडा तयार होता. पुन्हा फुस्स. पुन्हा ती वाकली. खोलीत एसीचा आवाजही मोठा वाटत होता.

"पास. जा."

झपझप पावलं, दार, पुन्हा दार. आणि मी पडद्यावरच्या तीन चौकटींकडे बघितलं.

आजोबांचं हृदय आडवं कापल्यासारखं दिसत होतं, मेदूवड्यासारखं करडं कडं. पहिल्या चौकटीत, मधल्या भोकात, जिथे रक्त असतं, एक ठिणगी पडली आणि केशरी रंग भरला. तो आत्ताच त्या खोलीतून निघालेला खडा होता, आणि तो त्यांच्या हृदयात पोचला होता. काही ठोक्यांनी दुसरी चौकट उजळली, सोड्याची. कडं पेटत गेलं, मागून, बाजूंनी, घोड्याच्या नालासारखं. पुढे नाल तुटलेला. तिथे काही नाही. अंधार. माझ्या मांडीवरची पिशवी मी इतकी घट्ट धरली होती की आतल्या बाटलीचं झाकण तळव्यात रुतलं.

मग तिसरी चौकट. दह्याची. मधल्या रक्तात थोडासा उजेड, कड्याच्या मागच्या बाजूला फिका. आणि पुढे, नाल तुटला होता तिथे, निळसर, क्षीण, पण होता. पुढच्या चित्रात जरा जास्त. त्याच्या पुढच्यात आणखी जरा. त्या गप्प तुकड्यात कुणीतरी अंधारात बसून, प्राणवायूवाचून, मिळालं ते पायरुवेट घेऊन दही लावत होतं. हलायची ताकद नव्हती, पण चूल विझू दिली नव्हती.

मी आयुष्यात पहिल्यांदा आंबटपणा बघून हात जोडले.

मग चित्रं फिकी होत गेली आणि विझली. पुन्हा लावा म्हणायची सोय नव्हती. जे बघितलं ते बघण्यातच संपलं होतं. निषाद, तू पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभा राहिलास ते मी असंच बघितलं. आजोबांनी चष्मा शोधेपर्यंत तू फोनच्या चौकटीत खाली बसलाही होतास. ते त्या दिवशी हळहळले. मी मात्र बघितलं होतं, आणि अजून कधीही डोळे मिटून बघू शकते. ते चित्र साठवलेलं आहे, हेही आहे, केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये. पण तो क्षण तिथे नाही. तो माझ्याकडे आहे.

प्रणाली बाहेर आली. तिचे डोळे चमकत होते. "काकू, मी काही बोलू शकत नाही. ते डॉक्टर सांगतील."

"बोलू नकोस," मी म्हटलं. "मला आंबट ओळखता येतं."

आजोबा बाहेर आले ते केस विस्कटलेले, कानातले बोळे हातात. "काय दिसलां?"

"दही."

"सकाळचां?"

"नाही. तुमचं स्वतःचं."

ते बाकावर बसले. त्यांनी स्वतःच्या छातीकडे बघितलं, जसं रुसलेल्या पोराकडे बघावं. मग म्हणाले, "म्हणजे निजलेलां आसा. मेलां नाय."

त्या वर्षी कोजागरीला ते गच्चीवर चढू शकले नाहीत. आपली लिफ्ट गच्चीपर्यंत जात नाही. शाहबेन स्वतः मसाला दूध घेऊन खाली आल्या आणि म्हणाल्या, "भाई, पुढच्या वर्षी वर या, मग झाडावरून भांडूया." डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणे आपली तपासणी पुन्हा केली. तिच्यातही आता जीव दिसला, ऑपरेशन करावं इतका. केंद्राच्या चित्राबद्दल ते म्हणाले, पुरावा म्हणून मी ते धरलेलं नाही, पण बघून बरं वाटलं. दिवाळी झाल्यावर बायपास झाली. त्या दिवसांबद्दल लिहीत नाही. ते तुमच्या आईने इथे येऊन माझ्याबरोबर काढले, ती सांगेल तेव्हा सांगेल.

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी पुन्हा पडद्यावर हृदय दाखवलं. भिंत हलत होती. सगळी नाही. एक कोपरा अजून गप्पच आहे आणि डॉक्टर म्हणतात तो तसाच राहील. पण रिंगणात नुसता उभा राहिलेला माणूस आता पाय उचलत होता, जरा ताल चुकवत.

"बल्ब लागला," आजोबा म्हणाले. "मिणमिणतो, पण लागला."

या कोजागरीला ते गच्चीवर गेले. मधे एकदा बसले, पुन्हा उठले. वर गेल्यावर शाहबेनशी ठरल्याप्रमाणे झाडावरून भांडले आणि मगच दूध घेतलं.

आता माझं. आजारी हृदयाचं चित्र वाचायचं तर निरोगी म्हाताऱ्या हृदयाचं चित्रही शेजारी ठेवावं लागतं, आणि निरोगी म्हातारे मिळत नाहीत, असं प्रणालीने फोनवर सांगितलं. "काकू, तुमच्या ओळखीत कुणी आहे का?" मी म्हटलं, आहे. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठीक निघालं. माझ्या कड्याला तुटका नाल नसेल, पूर्ण वर्तुळ असेल, असं ती म्हणते. बघू. मला उत्सुकता सोड्याची नाही. मला ती थंडी एकदा अंगातून जाताना अनुभवायची आहे. प्रणाली म्हणते, काही जाणवणार नाही, ते कोमट असतं. जाणवणार नाही हे मला ठाऊक आहे. पण ताऱ्यांपलीकडून आलेलं काहीतरी आपल्या काळजात शिरून, तिथली चूल बघून, मिनिटभरात विझून जाईल, आणि मी मुलुंडची बाई तिथे सरळ पाय करून पडलेली असेन. मोजे मी तपासून ठेवले आहेत.

हे लिहिता लिहिता ऊन उतरलं. सप्तपर्णीचा वास खिडकीतून आत आला आहे. मी सकाळीच दही लावून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं होतं आणि आजोबांना बजावलं होतं की भांडं हलवू नका. आत्ता स्वयंपाकघरातून झाकणाचा आवाज आला. मग त्यांच्या चपला फरफटल्या. ते दारात उभे आहेत, एका हातात चमचा, दुसरा हात चमच्याखाली, सांडू नये म्हणून. दिवेलागण व्हायची आहे, उद्याची सकाळ अजून लांब आहे.

"हे काय?" मी विचारलं. "दही उद्या द्यायचं असतं. निघताना."

"तालीम," ते म्हणाले. "हात पुढे कर."

मी पेन खाली ठेवलं आणि हात पुढे केला. दही माझ्या तळव्यावर पडलं, अजून पुरतं न लागलेलं, कोमट.

"खा," म्हणाले. "ह्यां त्येंका दिसाचां नाय."